दुसरीची बॅग

७ एप्रिल, सोमवार

आईला काढलं.

म्हणजे मी नाही काढलं. मॅनेजरबाईंनी काढलं. खाली हॉटेलच्या लॉबीत, त्या हिरव्या सोफ्यावर बसवून. मी वर खोलीत होते. खोलीतसुद्धा नाही – बाथरूममध्ये! शॉवर पूर्ण सोडला आणि कपड्यांसकट कमोडच्या झाकणावर बसून राहिले. का? तर आई वर आली की लगेच तिच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून. बावीस वर्षांची घोडी मी. गोल्फमध्ये जगातल्या पहिल्या पन्नासात नाव आलंय. पेपरवाले 'उगवती खेळाडू' लिहितात. उगवती खेळाडू कमोडवर लपून बसली होती.

मॅनेजरबाई म्हणाल्या होत्या, "तू सांगूच नकोस. तू रडशील, मग त्या रडतील, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच बॅग उचलतील. हे माझं काम आहे." मला तेच हवं होतं. कुणीतरी 'हे माझं काम आहे' म्हणायला.

खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. बूट काढल्याचा. मग बाथरूमच्या दारावर टकटक.

"अगं, गरम पाणी संपेल. मलाही अंघोळ करायची आहे."

बस. एवढंच.

मी डोकं ओलं करून बाहेर आले. कोरड्या कपड्यांत, ओल्या डोक्याने. तिने बघितलं. टॉवेल दिला.

८ एप्रिल, मंगळवार

तिचं परतीचं तिकीट पुढच्या सोमवारचं आहे. म्हणजे आठवडाभर ती याच खोलीत, शेजारच्या पलंगावर! मॅनेजरबाई म्हणाल्या, तिकीट आधीचं करून देते. आई म्हणाली, "कशाला? आलेच आहे तर खेळ बघते."

सकाळी उठले तर माझा टी-शर्ट इस्त्री करून खुर्चीवर. म्हटलं, "आई, आता हे नको ना करूस."

"बॅग उचलायच्या कामावरून काढलंय ना? इस्त्रीवरून कुठे काढलंय?"

हसून म्हणाली. रडली असती तर परवडलं असतं.

कारण लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटायचं की उगाच केलं. मी बारा वर्षांची असताना आईने वाचनालयातली नोकरी सोडली आणि माझी बॅग खांद्याला लावली. तेव्हापासून तीच माझी कॅडी. कुठली काठी घ्यायची, वारा कुठून आहे, चेंडू कुठे टाकायचा – सगळं आई सांगणार. आवाज अजून वाचनालयातलाच – कुजबुजून बोलते, पण असतो तो हुकूमच. गेल्या महिन्यात चौदाव्या होलवर समोर तळं होतं. मी म्हणत होते, थेट पलीकडे मारते. ती म्हणत होती, अलीकडे ठेव. "अलीकडे ठेव गं, ऐक माझं." आणि मी ओरडले – "गप्प बस ना आई! कधी तरी खेळू दे ना मला!" शेजारीच टीव्हीवाल्यांचा माइक. झालं! दुसऱ्या दिवशी तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर. कुणी मला उर्मट ठरवलं, कुणी आईला डोक्यावर बसलेली. चेंडू तळ्यात गेला ते वेगळंच.

मॅनेजरबाईंनी विचारलं, "तुला आई हवी की कॅडी?"

मला पटलं होतं. अजूनही पटतंय. फक्त ते लॉबीत व्हायला नको होतं. आणि दुसऱ्याच्या तोंडून नको होतं.

९ एप्रिल, बुधवार

नवा कॅडी आला. एवढा उंच की दारातून वाकून येतो. मनातल्या मनात नाव ठेवलंय – लांब्या. सारखी केळी खातो. प्रत्येक फटक्याआधी विचारतो, "तुला काय वाटतं?" आणि मी बोलेपर्यंत थांबतो. थांबतो! मला उत्तरच सुचेना. विचारायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

चौथी आले! एवढ्या मोठ्या स्पर्धेत इतकी वर कधीच आले नव्हते.

आई चारही दिवस दोरीच्या पलीकडून चालली, प्रेक्षकांबरोबर. दहाव्या होलवर मी सवयीने डावीकडे हात केला, टॉवेलसाठी. आई नेहमी डावीकडे उभी राहायची. लांब्या उजवीकडे राहतो. हात तसाच हवेत. पलीकडे दोरीमागे आईचाही हात थोडा पुढे आलेला. तिने चटकन त्याच हाताने टोपी सारखी केली. मी बघितलं हे तिला कळलं की नाही, कोण जाणे.

खोलीत आल्यावर म्हणाली, "छान खेळलीस. तो मुलगा चांगला आहे. घाई करत नाही."

मी टोमण्याची वाट बघत होते. टोमणा आला असता तर भांडले असते, भांडले असते तर माफी मागता आली असती. तिने ती सोयच ठेवली नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आई गेली नाही! झालं ते असं –

चिमणी म्हणून एक मुलगी आहे. यंदाच आमच्यात आलीये. अठरा वर्षांची, एवढीशी, बॅगेपेक्षा जेमतेम वीतभर उंच, म्हणून सगळे चिमणी म्हणतात. पण मारते मात्र लांबच लांब! तिचा कॅडी म्हणजे तिचाच मावसभाऊ. तो काल जिन्यावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ती माझ्याजवळ आली. बूट हातात, मोजे एका रंगाचे नाहीत.

"ताई, तुम्ही रागावणार नसाल तर... काकूंना विचारू का? या आठवड्यापुरतंच."

मी हसले. खरंच हसले. "विचार की! मला काय?"

मला वाटलं, आई म्हणेल – मी काय भाड्याची हमाल आहे का? मी माझ्या मुलीची बॅग उचलायचे. असं म्हणेल, मग मला जरा बरं वाटेल. हो, एवढी नीच आहे मी.

आई म्हणाली, "किती वाजता यायचं सरावाला?"

१५ एप्रिल, मंगळवार

पुढच्या गावी आलो. आई सामान घेऊन चिमणीच्या खोलीत राहायला गेली. जाताना इस्त्री बंद आहे का बघून गेली.

रिकाम्या पलंगावर मी माझे बूट ठेवले. मग उचलले.

१८ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस झाले की निम्म्या मुली घरी जातात, निम्म्या पुढे खेळतात. चिमणी यंदा दर वेळी घरीच गेली होती. आज राहिली. शेवटचा चेंडू आत पडला आणि तिने आईला उचललं! अक्षरशः उचललं, त्या एवढ्याशा मुलीने. आईची टोपी खाली पडली. आई हसत होती. मोठ्याने. मी सरावाच्या ग्रीनवर, त्या कातरलेल्या हिरवळीवर होते, तिथपर्यंत ऐकू आलं.

आईला मोठ्याने हसता येतं. मला वाटायचं वाचनालयात राहून तिचं ते गेलं.

मीही राहिले पुढे. बाराव्या जागेवर. कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.

२ मे, शुक्रवार

'आठवड्यापुरतं' काही संपत नाही. मावसभाऊ घरी गेला. आई चिमणीबरोबरच.

बाबांचा फोन. दुकानात गिऱ्हाईक नसलं की करतात. समोर चष्म्यांच्या काचा पुसत बोलत असतात, तो फडक्याचा किर्रकिर्र आवाज येतो. म्हणाले, "मी टीव्हीसमोर बसतो तेव्हा नक्की कुणाच्या नावाने ओरडू ते एकदा दोघी मिळून ठरवा. शेजारी विचारतात."

म्हटलं, "तुम्ही सांगा ना तिला, परत ये म्हणून."

"घरी परत, की तुझ्याकडे परत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाबा म्हणाले, "तुम्हां दोघींच्या मध्ये मला घेऊ नका बुवा. माझं अडकित्त्यातल्या सुपारीसारखं होतं." आणि मग, "तू नीट सांगितलं होतंस ना गं तिला?"

हो म्हटलं. खोटं बोलले.

९ मे, शुक्रवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते.

नाश्त्याला गेले. आई आणि चिमणी एका टेबलावर. चिमणी उकडलेलं अंडं सोलत होती आणि बेसूर काहीतरी गुणगुणत होती, आई कागदावर तिला मैदानाचा चढ-उतार काढून दाखवत होती. मी ताट घेऊन मुद्दाम जवळ गेले आणि म्हटलं, "बरंय ना आई, एक मुलगी गेली तर दुसरी मिळाली."

चिमणीचे कान लाल झाले. अंडं तसंच हातात. आईने पेन्सिल खाली ठेवली.

"खाताना नको," म्हणाली. वाचनालयातल्या आवाजात.

चिमणी उठायला लागली – "मी जाते ताई, तुम्ही बसा ना इथे" – तर आईने तिच्या मनगटावर हात ठेवून बसवलं. तिला. मी उभीच. मग दूरच्या टेबलावर जाऊन एकटीने खाल्लं. काय खाल्लं आठवत नाही.

लांब्याने हे सगळं कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून बघितलं होतं. मैदानावर चालताना म्हणाला, "मी हे काम घेतलं तेव्हा एकच विचारलं होतं – आईला तू स्वतः सांगितलंस का? मॅनेजरबाई हो म्हणाल्या."

मी गवत बघत चालले. तो थोडा वेळ थांबला, नेहमीसारखा. मग म्हणाला, "बरं. वारा डावीकडून आहे."

१६ मे, शुक्रवार

दोन दिवसांतच बाहेर. लांब्याची चूक नाही. वाऱ्याची नाही. आईचीही नाही – या वेळी तिच्यावर ढकलायची सोय नव्हती.

२५ मे, रविवार

मी नववी. चिमणी सहावी! पेपरवाले आता तिलाही 'उगवती' म्हणायला लागले. एकाने माझ्यापुढे माइक धरला – "तुमच्या आई तिच्याकडे आहेत, कसं वाटतं?" म्हटलं, "आनंद वाटतो." इतकं गुळगुळीत बोलायला कधी शिकले मी?

३१ मे, शनिवार

उद्याची शेवटची जोडी – मी आणि चिमणी. माझा एक फटका कमी, म्हणजे मी पुढे. सगळ्या मैदानाचं लक्ष आम्हां दोघींवर असणार.

दोघींवर कसलं. तिघींवर.

१ जून, रविवार

जिंकले. पहिलं मोठं विजेतेपद. आधी हे लिहून टाकते, कारण खाली जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटणार नाही की मी जिंकले.

सकाळी पहिल्या होलवर चौघं उभे. मी, लांब्या, चिमणी, आई. नियमाप्रमाणे सगळे एकमेकांना 'शुभेच्छा' म्हणतात. आईने लांब्याला म्हटलं, मला म्हटलं. त्याच आवाजात. तिच्या अंगावर कॅडीचं ते पांढरं जॅकेट, पाठीवर चिमणीचं नाव. दहा वर्षं त्या जागी माझं नाव होतं. ते पाठीवर असतं ना – म्हणून मी कधी नीट वाचलंच नव्हतं. मी नेहमी पुढे चालायचे.

आज ती पुढे चालत होती बऱ्याचदा, म्हणून दिवसभर वाचत होते.

चिमणी काय खेळली! तेराव्यावर तिने झाडाखालून चेंडू असा काढला की मीच टाळी वाजवली. चौदाव्यावर ती माझ्या बरोबरीला आली. सोळाव्यावर मी पुन्हा एकाने पुढे. आणि आलो शेवटच्या होलवर. ग्रीनच्या आधी ओढा. दोन रस्ते – चेंडू अलीकडे ठेवायचा आणि मग छोट्या फटक्याने ओढा ओलांडायचा. नाहीतर एकदम पलीकडे मारायचा.

चिमणीची पाळी आधी होती. आम्ही बाजूला उभे, हातभरावर. सगळं ऐकू येत होतं.

"काकू, मारू का पलीकडे?"

मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा – अलीकडे ठेव गं, ऐक माझं. आईच्या आधी मीच म्हटलं. पण आई म्हणाली,

"तुला काय वाटतं?"

"जाईल असं वाटतंय."

"वाटतंय, की मी हो म्हणावं म्हणून विचारतेयस?"

चिमणीने ओढ्याकडे बघितलं. मग हसली. "वाटतंय."

"मग मार." आणि काठी काढून दिली.

आईला हे येतं? कधीपासून? मॅनेजरबाईंनी लॉबीत काय काय सांगितलं असेल तिला – की तुम्ही तिला बोलू देत नाही, तुम्ही तिला विचारत नाही – आणि आईने ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकलं नाही, शिकली. माझ्या तक्रारीतून शिकली आणि त्याचा उपयोग दुसऱ्या मुलीला झाला. मी थोडी थांबले असते तर? स्वतः बोलले असते तर? पण मी तर पाणी सोडून बसले होते.

चेंडू गेला. सुंदर गेला, सरळ. पलीकडच्या काठावर पडला, क्षणभर टेकला आणि गवतावरून परत घरंगळत ओढ्यात.

लोकांनी 'आऽह' केलं. चिमणी तशीच काठी खांद्यावर घेऊन उभी. आईने तिच्या पाठीवर थाप दिली. "फटका चांगला होता. चल." एक शब्द जास्त नाही.

मग लांब्या माझ्याकडे वळला. "तुला काय वाटतं?"

"अलीकडे ठेवते."

माझाच आवाज. पण कुजबुजून निघाला.

अलीकडे ठेवला, मग छोटा फटका, मग दोनदा ढकलून आत. जिंकले. लांब्याने मला मिठी मारली, मी त्याच्या बरगड्यांपर्यंतच पोचते. चिमणीने मिठी मारली. रडत होती, तरी "ताई, भारी खेळलात" म्हणाली. मग आई. आईने टोपी काढली, हात पुढे केला. सगळे कॅडी करतात तसा.

आम्ही हात मिळवला. आईशी मी आयुष्यात पहिल्यांदा हात मिळवला. तिचा तळवा खरखरीत आहे. हे मला माहीत नव्हतं.

"छान खेळलीस," म्हणाली. डोळे भरले होते तिचे, नाही असं नाही. पण चिमणीकडे वळली. चिमणीला तेव्हा कुणीतरी हवं होतं, आणि ते आईचं काम होतं.

मग चषक, फुलं, फोटो. मॅनेजरबाई ओरडल्या, "आईंना बोलवा ना फोटोत!" आई तंबूपाशी चिमणीच्या खांद्याभोवती हात टाकून उभी होती. तिने लांबूनच मान हलवली. नंतर, असं.

फोटोत मी हसतेय. लांब्याचं डोकं कापलं गेलंय.

३ जून, मंगळवार

हॉटेलच्या तळघरात कपडे धुवायच्या मशिनी आहेत. आई तिथे एकटी होती, मोजे जोडत होती. मी दारातूनच म्हटलं, नाहीतर परत फिरले असते –

"आई, मी स्वतः सांगायला हवं होतं."

तिने एक जोडी घडी केली. दुसरी केली.

"हो. हवं होतं."

मी वाट बघितली. लहानपणापासून माझ्या प्रत्येक चुकीनंतर आई 'असू दे' म्हणते. भांडं फोडलं, असू दे. परीक्षेत आपटले, असू दे. आज नाही म्हणाली. मशीन गरगरत होती, आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो. मग तिने अर्धे मोजे माझ्याकडे सरकवले आणि मी जोडायला लागले. चिमणीचे. एकाचाही जोड सापडत नव्हता.

"ही मुलगी अशीच," आई म्हणाली.

वर येताना जिन्यात रडले. बरं वाटलं म्हणून नाही. बरं वाटलंच नाही. पण दोन महिने जे तोंडात घोळत होतं ते बाहेर पडलं.

८ जून, रविवार

या आठवड्यात त्या दोघी दुसरीकडे खेळतायत, मी सुट्टीवर. दिवसभर विचार केला. लांब्या चांगला आहे, पण मी त्याला सगळं समजावून सांगेन. या वेळी स्वतः सांगेन. आईला परत बोलवायचं. आता तिलाही विचारता येतं, मलाही उत्तर देता येतं. उद्या फोन करते.

९ जून, सोमवार

फोन केला. "आई, परत ये ना माझ्याकडे," म्हटलं. एका दमात.

ती म्हणाली, "नको गं."

"चिमणीसाठी?"

"नाही. माझ्यासाठी. तुझी बॅग उचलायचे ना, तेव्हा मला खेळ कधी दिसलाच नाही. फक्त तू दिसायचीस. आता झाडं दिसतात, वारा कळतो. मजा येते मला या कामात. आवडतं गं मला हे." मग हलकेच – "तू रागावलीस का?"

नाही म्हटलं.

"मग ठेवू? आमची सरावाची वेळ झाली."